सहा सेकंद आणि एक नंबरची जर्सी

गेल्या अंकात अमेरिकेतल्या ॲन आर्बर गावच्या अमेरिकन फुटबॉल स्टेडियमबद्दल लिहिताना शेवटी एक वाक्य सहज टाकलं होतं: मिशिगन विद्यापीठाच्या संघाचा आजवरचा सगळ्यात मोठा रिसीव्हर कोण, ते वाचकांनी कळवावं. वाटलं, चार पत्रं येतील, अंक भरायला होतील. पण गाणं आणि राजकारण सोडून तिसऱ्या विषयावरही मराठी माणूस इतक्या जोमानं भांडू शकतो, हे मला एवढं वय झाल्यावर कळलं. त्यातली निवडक पत्रं इथे घेतो. दोन-तीन पत्रांतली भाषा मी सौम्य केली आहे. ज्याची त्याला कळेल.

प्रश्न: माझा मुलगा ऑगस्टपासून ॲन आर्बरला एमएस करतोय. शनिवारी फोन केला की मागे नुसता आरडाओरडा. तुमचा लेख त्यानंच पाठवला, पण वाचून डोक्यावरून गेला. हा 'वाइड रिसीव्हर' नक्की करतो काय? आणि फुटबॉल म्हणता तर हातानं का झेलतात? (एक आई, कोथरूड, पुणे)

ताई, आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण मीही 1979 साली सांगलीहून इथे आलो तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारला होता. उत्तर मिळालं, "गप बस आणि बघ." तेच तुम्हाला देतो.

पहिल्या प्रश्नाला मात्र बसून उत्तर द्यायला हवं. दोन्हीकडे अकरा-अकरा माणसं. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. सरकले तर पुन्हा चार प्रयत्न. सरकायचे मार्ग दोन: चेंडू पोटाशी धरून गर्दीत घुसायचं, नाहीतर क्वार्टरबॅकनं तो लांब फेकायचा आणि कुणीतरी झेलायचा. हा 'कुणीतरी' म्हणजे रिसीव्हर. तो मधल्या घोळक्यापासून दूर, पार रेषेजवळ एकटा उभा असतो, म्हणून 'वाइड'. समोर त्याच्यावर पाळत ठेवणारा एक असतो. त्याला चुकवून मोकळं व्हायचं, एवढंच काम.

आता तुम्हाला ओळखीचं सांगतो. मी शाळेत खो-खो खेळायचो. कसलेला पळणारा खांबाजवळ आला की एका बाजूला अंग टाकतो, मागच्याला वाटतं हा इकडूनच निघाला, आणि तेवढ्यात हा दुसरीकडून पसार. हुलकावणी. रिसीव्हरचं अर्धं आयुष्य या एका गोष्टीत जातं. इथले कोच पाळत ठेवणाऱ्या पोराला सांगतात, त्याच्या डोक्याकडे बघू नकोस, खांद्याकडे बघू नकोस, कमरेकडे बघ. कंबर जिकडे वळेल तिकडेच तो जाणार. खो-खोत आम्हाला आमच्या सरांनी, हातातल्या छडीनं आमच्याच कमरेला टोचून, अगदी हेच शिकवलं होतं.

आणखी एक गंमत बघा. चांगला क्वार्टरबॅक रिसीव्हर वळायची वाट पाहत नाही. किती पावलं पळून कुठे वळायचं हे दोघांचं आधीच ठरलेलं असतं, त्यामुळे हा वळायच्या आधीच त्याच्या हातून चेंडू सुटलेला असतो. पोरगं मान फिरवतं तेव्हा चेंडू नाकासमोर. रेषेच्या आत एक पाय टेकला की कॉलेजात झेल धरतात. व्यावसायिक संघांत दोन्ही पाय लागतात.

मुलाच्या अभ्यासाचं म्हणाल तर शनिवारचं सोडून द्या. रविवारी दुपारी फोन करा.

प्रश्न: उगाच गोल गोल फिरू नका. अँथनी कार्टर, डेझमंड हॉवर्ड की ब्रेलन एडवर्ड्स? एकच नाव सांगा आणि कारण द्या. आकडे पाहिले तर ब्रेलनच्या जवळपासही कुणी नाही. (एक इंजिनिअर, नोव्हाय, मिशिगन)

कार्टर.

आता कारण. पण त्याआधी एक कबुली द्यायला हवी. ज्या झेलामुळे मी कार्टरचा झालो, तो झेल मी पाहिलेला नाही.

27 ऑक्टोबर 1979. मला इथे येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. मी आणि नागपूरचा माझा रूममेट, विद्यार्थ्यांचं तिकीट काढून इंडियाना विद्यापीठाविरुद्धचा सामना बघायला गेलो. अंगात आईनं विणलेला स्वेटर, जो सांगलीच्या थंडीला पुरतो. तीन तासांनी पायांची बोटं आहेत की गेली हे कळेना. मिनिटभर राहिलं असताना इंडियानानं बरोबरी केली, 21–21. तेव्हा कॉलेज फुटबॉलमध्ये जादा वेळ नव्हता, तो 1996 साली आला. बरोबरी म्हणजे बरोबरी. आम्ही दोघं क्रिकेटवर वाढलेले. ड्रॉ दिसायला लागला की पाचव्या दिवशी चहापानानंतर उठून बस पकडायची, हा आमचा संस्कार. उठलो.

ज्यांनी हे स्टेडियम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी: 1927 साली ते जमिनीत खणून बांधलं. बाहेरून फारसं उंच दिसत नाही, बहुतेक रांगा रस्त्याच्या पातळीच्या खाली आहेत. म्हणजे घरी जायचं तर पायऱ्या चढून वर यायचं. आम्ही वर आलो, फाटकाबाहेर मेन स्ट्रीटवर पोचलो, आणि आमच्या पाठीमागे जमिनीतून आवाज आला. आकाशातून येतो तो गडगडाट वेगळा. हा खालून, तळपायातून आला. लाखभर माणसं एका वेळी ओरडली की काय होतं ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. रूममेट म्हणाला, "काहीतरी पडलं बे."

पडलं नव्हतं. सहा सेकंद उरले होते, चेंडू एंड झोनपासून, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यापासून, 45 यार्डांवर. आपला क्वार्टरबॅक जॉन वँगलरनं मधोमध फेकला. कार्टरनं तो साधारण वीस यार्डांवर घेतला, अंगावर आलेल्यांतून निसटला, तोल जाता जाता सावरला आणि एंड झोनमध्ये पोचला तेव्हा घड्याळात काही उरलं नव्हतं. टचडाउन, म्हणजे सहा गुण. 27–21. त्याच्या आधीच्या चालीत मिशिगनच्या लॉरेन्स रीडनं पकडला जाता जाता चेंडू रेषेबाहेर टाकून घड्याळ थांबवलं होतं. ते नियमात बसतं का यावर इंडियानाचे कोच ली कोर्सो भयंकर चिडले. हेच कोर्सो पुढे टीव्हीवर शनिवार सकाळच्या कार्यक्रमात बरीच वर्षं डेझमंड हॉवर्डच्या शेजारी बसून हसत होते.

मी तो झेल ऐकला. रेडिओवर बॉब उफर नावाचे गृहस्थ समालोचन करायचे, 'मिशिगन' न म्हणता 'मीशिगन' म्हणायचे आणि टचडाउन झाला की जनरल पॅटनच्या जीपचा म्हणून सांगितला जाणारा भोंगा वाजवायचे. त्या संध्याकाळी आमच्या खोलीतल्या ट्रान्झिस्टरवर तो तुकडा पुन्हा लागला. उफर रडतायत, ओरडतायत, भोंगा वाजवतायत, शब्द कळत नाहीत. मी गॅसवर खिचडी ठेवली होती, ती लागली. पुढची दोन-तीन वर्षं कुणी विचारलं की, "तू होतास का त्या सामन्याला?" मी म्हणायचो, "होतो." खोटं नव्हतं.

आता तुमचे आकडे. ब्रेलनचे 252 झेल, 3,541 यार्ड, 39 टचडाउन. कार्टरचे 161 झेल, 3,076 यार्ड, 37 टचडाउन. बघा की जरा शेजारी मांडून! नव्वदएक झेल कमी, आणि टचडाउन फक्त दोन कमी. एका झेलामागे एकोणीस यार्ड. 1979 सालच्या अख्ख्या मोसमात त्याच्याकडे चेंडू आला फक्त 17 वेळा, त्यातले 7 टचडाउन. याचं कारण कोच बो शेम्बेक्लर. जुन्या वळणाचा माणूस. चेंडू पोटाशी धर आणि अंगावर जा, हा त्यांचा धर्म. अशा माणसाच्या संघात फ्लोरिडातून एक सत्तर-बहात्तर किलोचा काटकुळा पोरगा येतो, जर्सीवर आकडा 1, आणि तीन वर्षांत कोचचं मत बदलतो. रोझ बोलला, म्हणजे मोसमाअखेरच्या मानाच्या सामन्याला, बो पाच वेळा हरले होते. 1 जानेवारी 1981 ला वॉशिंग्टनला 23–6 हरवून ते पहिल्यांदा जिंकले, त्यातला एक टचडाउन कार्टरचा. पंगतीत ज्याच्या पानावर वाढपी क्वचितच येतो, त्यानं एवढ्यात पोट भरून दाखवलं. ब्रेलनच्या पानावर वाढपी सारखा होता. ही ब्रेलनची चूक नव्हे, पण तुलना करताना पान बघावं लागतं.

हॉवर्डचं वेगळं आहे. तो माझ्या मते तिघांत सगळ्यात मोठा *खेळाडू*, पण निव्वळ रिसीव्हर म्हणून दुसरा. 1991 साली वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूची हाइझमन ट्रॉफी मिळवली, त्या मोसमात 19 टचडाउन झेलून. शेजारच्या राज्यातल्या ओहायो स्टेटविरुद्ध पंट, म्हणजे समोरच्यांनी लाथेनं उडवलेला चेंडू, झेलून 93 यार्ड धावला आणि एंड झोनमध्ये ट्रॉफीवरच्या पुतळ्यासारखा एक गुडघा वर करून उभा राहिला, तो फोटो या गावातल्या निम्म्या सलूनांत लावलेला आहे. मला मात्र त्याच वर्षीचा 14 सप्टेंबर आठवतो. नोत्र दामविरुद्ध आपण 17–14 पुढे. चौथा प्रयत्न, दहा यार्ड पुरे व्हायला काही इंच कमी. तिथे पृथ्वीवरचा कुठलाही संघ चेंडू पोटाशी धरून ढकलतो. माझ्या शेजारचे आजोबा तर थर्मासचं झाकण उघडायला खाली वाकले होते. आणि क्वार्टरबॅक एल्विस गर्बाकनं लांब फेकला. सगळ्यांना वाटलं, गेला, फार पुढे पडतोय. हॉवर्ड त्याच्याखाली अक्षरशः आडवा झाला, जमिनीला समांतर, हात पुरे ताणलेले, आणि बोटांच्या टोकांवर घेतला. क्षणभर कुणी ओरडलंच नाही. आजोबा वर बघून म्हणाले, "काय झालं?" मी म्हणालो, "काही नाही, तुम्ही कॉफी घ्या." कारण ते दुःख मला चांगलं माहीत होतं.

प्रश्न: 2004 सालच्या मिशिगन स्टेट सामन्याबद्दल एक ओळही नाही? तुम्ही तो पाहिला नव्हता का? (नाव देऊ नका, माझे सासरे स्टेटचे आहेत, ईस्ट लान्सिंग)

पाहिला. (इतरांसाठी: मिशिगन स्टेट म्हणजे याच राज्यातलं दुसरं विद्यापीठ.) पण त्या दिवसाबद्दल आमच्या घरात दोन मतं आहेत.

30 ऑक्टोबर 2004, दिवाळी तोंडावर. इथल्या मराठी मंडळांचे सगळे कार्यक्रम शनिवारी, आणि सगळे सामनेही शनिवारी. या एका कारणावरून मी मंडळाच्या कार्यकारिणीतून दोनदा बाहेर पडलो आहे. त्या दिवशी आमच्या तळघरात एकांकिकेची तालीम, वर स्वयंपाकघरात चार जणींचा फराळ, आणि मधल्या खोलीत आवाज बंद करून टीव्ही. नऊएक मिनिटं उरली असताना आपण 27–10 असे मागे. मी तालमीला खाली गेलो. माझा मुलगा तेव्हा सोळा वर्षांचा, तो म्हणाला, "मी थांबतो." जुनी गोष्ट त्याला माहीत होती, ती तो मला अधूनमधून ऐकवायचा.

थोड्या वेळानं वरून किंकाळी. धावत वर गेलो. 27–20. सौ. स्वयंपाकघरातून सोऱ्या हातात घेऊन बाहेर आलेली, सोऱ्यातून अर्धी चकली लोंबतेय. ब्रेलन एडवर्ड्सनं पाळत ठेवणाऱ्याच्या डोक्यावरून चेंडू काढून घेतला होता. फळीवरचा डबा काढावा तसा. समोरचा पोरगाही चांगला उडाला होता बिचारा, पण हा त्याच्या वर होता. मग काही मिनिटांत पुन्हा तोच, तसाच. 27–27. मग एक जादा डाव, दुसरा, तिसरा. एकांकिकेतले सासू-सासरे मेकअपशिवाय सोफ्यावर. तिसऱ्या डावात पुन्हा ब्रेलन. 45–37. दिवसभरात 11 झेल, 189 यार्ड, 3 टचडाउन. तेलातला घाणा जळला आणि त्या वर्षी आमच्याकडच्या चकल्या काळ्या होत्या. तरी सौ. आजही म्हणते की सगळ्यात मोठा ब्रेलन. तिनं कार्टर पाहिलेला नाही, मी म्हणतो. तूही नाही, ती म्हणते.

प्रश्न: आजोबा, मी सतरा वर्षांची आहे. पत्र आजीला सांगून लिहितेय कारण माझं मराठी शुद्धलेखन वाईट आहे. माझा प्रश्न: एक नंबरची जर्सी एवढी खास का? ती रिटायर का नाही केली? (ट्रॉय, मिशिगन)

शुद्धलेखन माझंही संपादक तपासतात, काळजी करू नकोस. रिटायर केलेल्या जर्सीत 47 आहे, ती बेनी ऊस्टरबानची. 1925 ते 1927, सलग तीन वर्षं ऑल-अमेरिकन, म्हणजे देशातल्या निवडक खेळाडूंत, बेनी फ्रीडमननं फेकायचं आणि या बेनीनं झेलायचं. 1 मात्र फिरती राहिली. कार्टरनंतर ती ग्रेग मकमर्ट्रीकडे गेली, मग डेरिक अलेक्झांडर, डेव्हिड टेरेल. ब्रेलन आला तेव्हा त्याला 80 मिळाली. त्याचे वडील स्टॅन कार्टरबरोबर याच संघात खेळलेले, तरी 1 मागितल्यावर लगेच मिळाली नाही. 2003 साली मिळाली. पुढे व्यावसायिक झाल्यावर त्यानं त्या जर्सीच्या नावे शिष्यवृत्तीसाठी पाच लाख डॉलर दिले. आपल्याकडे आजोबांचं घड्याळ नातवाला लगेच देत नाहीत, आधी दहावीचा निकाल बघतात. तसंच काहीसं.

प्रश्न: राव, रिसीव्हरवर बोलायचं तर कोलंबसला, आमच्या ओहायो स्टेटला या. क्रिस कार्टर, टेरी ग्लेन, मार्विन हॅरिसन ज्युनिअर. तुमच्याकडे सगळ्या 1979च्या गोष्टी. (ओहायोचा, अभिमानानं)

मान्य. उत्तम रिसीव्हरला देतात तो बिलेट्निकॉफ पुरस्कार तुमच्याकडे ग्लेन आणि हॅरिसननं आणला, आमच्याकडे एकट्या ब्रेलननं, 2004 साली. रिसीव्हरच मोजायचे तर तुमचं पारडं जड, हे मी या सदरात छापून देतोय, कापून फ्रेम करा. फक्त एक आठवण: हॅरिसनला पुरस्कार मिळाला त्याच मोसमात आमच्या रोमन विल्सननं, तो हवाईचा, रोझ बोलमध्ये अलाबामाविरुद्ध दीड मिनिट राहिलं असताना बरोबरीचा टचडाउन झेलला, आणि आठवड्याभरात देशाचं विजेतेपद ॲन आर्बरला आलं. आणि 2021 ते 2024 ओळीनं चार वेळा तुमचा आमचा सामना कोण जिंकलं ते तुम्हाला पाठ असेलच.

प्रश्न: जेरेमी गॅलनचं नाव कुणी घेत नाही. (ॲन आर्बर)

घेतो. पाच फूट आठ इंच. 19 ऑक्टोबर 2013, पुन्हा इंडियानाच, 14 झेल आणि 369 यार्ड. बिग टेनच्या, म्हणजे आमच्या विद्यापीठगटाच्या, इतिहासात एका सामन्यात कुणी एवढे केले नव्हते. मी हजर होतो, शेवटपर्यंत. मारिओ मॅनिंगहॅमचंही कुणी लिहिलं नाही याचं नवल वाटलं. 2005 साली पेन स्टेटविरुद्ध घड्याळात एक सेकंद आणि त्याचा झेल, 27–25. पेन स्टेट त्या मोसमात तेवढा एकच सामना हरलं.

प्रश्न: सगळ्यात वाईट आठवण कुठली? (फार्मिंग्टन हिल्स)

दोन आहेत. एक लवकर सांगून टाकतो: 1990, मिशिगन स्टेट, आपण देशात पहिल्या नंबरावर, टचडाउननंतरच्या दोन जादा गुणांसाठी चेंडू हॉवर्डकडे, आणि त्याला पायात पाय घालून पाडलं. शिट्टी वाजली नाही. 28–27 हरलो. पंचांचं चुकलं हे नंतर मान्य झालं, म्हणजे त्याचा काय उपयोग ते आपल्याला क्रिकेटमुळे माहीत आहे.

दुसरी, 24 सप्टेंबर 1994, कोलोरॅडो. मुलगा सहा वर्षांचा, त्याला पहिल्यांदाच मैदानावर नेला होता. अडीच मिनिटं उरली तेव्हा आपण 26–14 पुढे. लोक उठायला लागले. मुलगा म्हणाला, "बाबा, जिंकलो ना, चला." मी त्याला 1979 ची गोष्ट सांगितली. खिचडीसकट. घड्याळात शून्य दिसेपर्यंत आपल्या घरात कुणी उठत नाही, म्हणालो.

कोलोरॅडोनं एक टचडाउन केला, 26–21. तरी चिंता नव्हती. मग शेवटच्या चालीला घड्याळाकडे बघितलं तर सहा सेकंद. त्यांचा क्वार्टरबॅक कॉर्डेल स्टुअर्टनं स्वतःच्या अर्ध्या मैदानातून, मागे सरकत सरकत, जिवाच्या आकांतानं फेकला. इतका वेळ हवेत होता की मुलानं मला विचारलं, "हा कुणासाठी आहे?" एंड झोनजवळ पाच-सात जण उडाले, चेंडू कुणाच्या तरी हाताला लागून उलटा उडाला आणि मागे पडत असलेल्या मायकेल वेस्टब्रुकच्या पोटावर आला. 64 यार्ड. 27–26. वेस्टब्रुक डेट्रॉईटचा. आपल्याच गावचा मुलगा, इथून पाऊण तासावरचा.

स्टेडियम लाखभर माणसांचं, आणि कोलोरॅडोची मूठभर पोरं मैदानावर लोळतायत त्यांचा आवाज आम्हाला सत्तराव्या रांगेत स्वच्छ ऐकू येत होता. मुलानं घड्याळाकडे बघितलं, शून्य झालं होतं, आणि मला विचारलं, "आता उठू?"